लेफ्टनंट मयेकरांची पोच

परळला आमच्या समोरच्या चाळीत लेफ्टनंट मयेकर राहत. त्यांना कोणी काहीही सांगितलं की ते एकच शब्द बोलत. "पोच." नळाला पाणी आलं असं खालून कोणी ओरडलं की तिसऱ्या मजल्यावरून आवाज यायचा, "पोच." पोस्टमनने पाकीट हातात ठेवलं की "पोच." एवढ्यावर भागलं असतं तर लोकांची तक्रार नव्हती. पण त्यांना ती उलटही हवी असे. न्हाव्याला "कानावरचे जास्त काढू नकोस" असं सांगून ते उभे राहत, आणि तो "पोच" म्हणेपर्यंत खुर्चीत बसत नसत. एकदा त्यांच्या चाळीतल्या लग्नात भटजींनी "सावधान" म्हटल्याबरोबर मंडपातून खणखणीत "पोच" आली. नवरा मुलगा दचकून मागे वळला, आणि त्याच्या हातातली माळ भटजींच्या पायावर पडली.

यामागचं शास्त्र त्यांनी मला पुढे समजावून सांगितलं. बोटीवर निरोप पाठवणाऱ्याचं काम निरोप पाठवून संपत नाही. समोरच्याने "मिळाला" अशी खूण केली की संपतं. तोवर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवायचा, खांदे निखळले तरी. आणि ज्याला मिळाला त्याने हातातलं सगळं टाकून आधी पोच द्यायची. "आधी पोच, मग बाकी सगळं," ते म्हणत. "लढाईसुद्धा मग."

मयेकर नौदलात बावट्यांचे माणूस होते. दोन हातांत दोन बावटे घेऊन एका बोटीवरून दुसरीला निरोप द्यायचे, आणि तिचे वाचायचे. नोकरी सुटली तरी बावटे सुटले नव्हते. रोज सूर्य मावळायच्या सुमाराला पांढरी अर्धी विजार आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून ते त्यांच्या चाळीच्या गच्चीवर येत. आमच्या चाळीकडे तोंड करत. दोन्ही हात सरळ वर नेत, क्षणभर थांबत, खाली घेत. असं तीनदा. मग बावटे गुंडाळून जिना उतरत. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, पण मी ते कधी चुकलेलं पाहिलं नाही. पावसाळ्यात एका खांद्याला छत्री बांधून येत.

मी शाळेत होतो तेव्हा मला वाटे, हे मलाच हात करतात. मीही आमच्या गच्चीवरून हात करायचो. ते माझ्याकडे बघतही नसत. बाबा म्हणत, "तिकडं बघू नको. बोट बंदराला लागली, माणूस अजून समुद्रातच हाय."

लोक त्यांना कप्तान म्हणत आणि ते दर वेळी दुरुस्ती करत. "कप्तान नाही, लेफ्टनंट." मालवणच्या बाजूचं त्यांचं गाव. वडील मासे मारायचे. सोळाव्या वर्षी हे गिरणीत चिकटायला म्हणून बोटीने मुंबईला आले. गिरणीत एक दिवस काढला. त्या खडखडाटात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, आणि तरी कोणाचं काही अडत नाही, हे बघून त्यांना भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ते नौदलात भरती झाले. तिथे पोऱ्या म्हणून लागलेला हा माणूस बावटे शिकला, सबंध लढाई बोटीच्या वरच्या मजल्यावर उन्हापावसात काढली, आणि डोक्यावरचे केस गेल्यावर लेफ्टनंट झाला. तळातून असे चढलेले फार थोडे असत, असं ते सांगत. त्यात बढाई नसे. पाऊस किती झाला ते सांगावं तसं सांगत.

अधिकाऱ्यांच्या टेबलावर ते पहिल्यांदा जेवायला बसले त्या दिवशी नेमका बांगडा होता. "काट्याचमच्याने बांगडा खायचा म्हणजे त्या बांगड्याला काय वाटेल?" ते मला म्हणाले. "मी हात घातला. समोरचा गोरा साहेब बघत राहिला. त्याच्या ताटात सगळा चुरा, माझ्या ताटात नुसता स्वच्छ सांगाडा. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने माझ्या बाजूला येऊन बसला. बघून बघून शिकला बिचारा."

असा माणूस निवृत्त झाल्यावर कुलाब्याला किंवा गेला बाजार शिवाजी पार्कला ब्लॉक घेईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ते परळच्या त्यांच्या जुन्या दहा बाय बाराच्या खोलीत परत आले. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "इथून समोरचं दिसतं." समोर आमची चाळ होती. तिथे वाळत घातलेल्या गोधड्यांखेरीज काही दिसण्यासारखं नव्हतं.

ते एकटेच होते. जेवण भागीरथीबाईंच्या खानावळीतून येई. बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ताटावर झाकण घालायचं नाही. बाई म्हणाल्या, माश्या बसतील. हे म्हणाले, बसू देत. खानावळीचं पोरगं रोज ते उघडं ताट दुसऱ्या हाताने वारा घालत तीन मजले चढवायचं, आणि बाई दारात उभ्या राहून कपाळाला हात लावायच्या.

आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. मी कॉलेजात जायला लागलो तेव्हा बाबांनी गिरणीच्या साचेखात्यात, रस्त्यावर, पानवाल्याकडे, जिथे म्हणून माणूस भेटेल तिथे ते सांगितलं. मयेकरांनाही सांगितलं. "पोच," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत हजर झाले. आदल्याच वर्षी आम्ही बौद्ध झालो होतो. घरातला देव्हारा निघून भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. चाळीतले काही लोक त्यावरून आमच्याशी जरा जपून बोलत. मयेकर तसबिरीकडे बराच वेळ बघत राहिले. आई पदर सावरून उभी राहिली, आता हे काय बोलतात म्हणून. ते म्हणाले, "उजवीकडे कललीय." मग खिशातून शिसं बांधलेली दोरी काढली, भिंतीला लावली, खिळा उपटून दुसरीकडे ठोकला आणि आईच्या हातचा चहा पिऊन गेले. ती तसबीर अजून सरळ आहे.

त्यांना माझ्याकडून काम हवं होतं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. रोज कुठेतरी सभा, कुठेतरी मोर्चा. मयेकर प्रत्येक सभेला जात. एकदा मीही बरोबर होतो, तेव्हा शिवाजी पार्कवर एका पुढाऱ्याने दीड तास भाषण केलं. सभा संपल्यावर लोक घरी निघाले आणि मयेकर मात्र गर्दीतून वाट काढत व्यासपीठाशी गेले. मला वाटलं, काही प्रश्न विचारणार. त्यांनी त्या पुढाऱ्याला सांगितलं, "आपलं भाषण शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं." तो गृहस्थ गोंधळून "बरं बरं" म्हणाला. परतताना मयेकर म्हणाले, "दीड तास बोलला बिचारा, आणि कोणी पोच दिली नाही. झोप लागली नसती त्याला."

काम असं होतं. मराठी राज्य होणार. त्याला एवढा समुद्र मिळणार. मग त्या समुद्रावर बावटे इंग्रजीत का हलायचे? मयेकरांनी मराठी बावटे तयार केले होते. अक्षरं जुळवायची भानगडच नाही. एका वाक्याला हातांची एक ठेवण, अशी चोवीस वाक्यं. पोच निराळी, तिला नंबर नाही. दोन्ही हात सरळ वर. ही वही मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची आणि तिच्यासोबत एक अर्ज लिहायचा.

मी फार मनापासून लिहिलं. अर्जात तीन ठिकाणी "विनम्र" घातलं. तो अर्ज आम्ही रजिस्टरने पाठवला, आणि मयेकर पुढे रोज पोस्टमनला अडवू लागले. पोच आली ती राज्य झाल्यानंतर. एक छापील कार्ड, अर्ज पोचला, विचार चालू आहे, एवढंच. मयेकरांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बघ. हे राज्य टिकणार."

पण वही उतरवताना मला काही शंका आल्या होत्या. मी समुद्र पाहिला तो चौपाटीवरून. तरी मला एवढं कळत होतं की बोटींच्या वहीत वादळ, खडक, दारूगोळा असं काही असायला हवं. या वहीत पहिलं वाक्य होतं, पाणी आलं. दुसरं, पाणी गेलं. सतरावं होतं, भात झाकून ठेवतंय. मी ते शुद्ध करून "भात झाकून ठेवते" असं लिहिलं. एरवी माझ्या शुद्धलेखनाचं कौतुक करणाऱ्या मयेकरांनी ते खोडलं आणि वर पुन्हा त्यांच्या गावच्या बोलीतलं "ठेवतंय" लिहिलं. मी भीत भीत विचारलं, "काका, हे बोटीवर केव्हा लागतं?"

"लागतं," ते म्हणाले. मग त्यांनी मला सतराव्याची ठेवण शिकवली. डावा हात पोटाशी आडवा, तळवा वर. उजवा वरून आणून त्यावर पालथा. टोपावर झाकण ठेवावं तसा.

वही अजून पाठवायची होती, तेवढ्यात दंगलीचे दिवस आले. आमच्या भागात कर्फ्यू लागला. रस्त्यावर दगड आणि चपला पडलेल्या, खिडक्या बंद, आणि सूर्य मावळायच्या वेळेला मयेकर गच्चीवर. त्या दिवशी वही दाखवायला म्हणून मी दुपारीच त्यांच्याकडे गेलो होतो आणि कर्फ्यूमुळे तिथेच अडकलो होतो. त्यांनी दोन्ही हात तिसऱ्यांदा वर नेले तेव्हा खालून शिट्टी ऐकू आली. दहा मिनिटांत आम्ही चौकीत होतो, वहीसकट.

फौजदार तरुण होता. तीन रात्री झोपला नसावा. दंगेवाल्यांना इशारे देता का, म्हणून त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वही उघडून मोठ्याने वाचायला लागला. "एक, पाणी आलं. दोन, पाणी गेलं. पाच, आईला खोकला आहे. नऊ, पत्र आलं, वाचायला कोणी नाही. बारा, काकी रागावली आहे, आज वर येऊ नये." हवालदार भिंतीकडे तोंड करून हसू लागला.

"ही काकी कुठल्या पक्षाची?" फौजदार म्हणाला. त्यालाही आता हसू येत होतं. त्याने पान उलटलं. "सतरा, भात झाकून..."

"सतरा मोठ्याने वाचायचा नाही," मयेकर म्हणाले.

चौकीतलं हसू थांबलं. फौजदाराने वही खाली ठेवली. सतरा म्हणजे काय, म्हणून त्याने विचारलं. मयेकर म्हणाले, भात झाकून ठेवणं. मग वाचायचा का नाही? मयेकरांनी वहीच्या उघड्या पानावर तळवा पालथा ठेवला. बाबांची गिरणीतली नोकरी, माझं कॉलेज, सगळं डोळ्यांसमोर आलं. तरी मी सांगितलं की साहेब, ही वही माझ्या अक्षरात आहे, यात काही वाईट नाही, हवं तर मला ठेवून घ्या. फौजदाराने माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"आज कुठला नंबर पाठवत होता?"

"एकही नाही."

"माझ्या शिपायांनी हात वर केलेले बघितलेत."

"हात वर केले. नंबर पाठवला नाही."

"समोर कोण असतं?"

"आता कोणी नसतं."

फौजदाराने वही मिटली आणि बावट्यांसकट परत दिली. सगळं शांत होईपर्यंत गच्चीवर बावटे दिसता कामा नयेत, एवढं बजावलं. मयेकरांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "पोच." हवालदाराने आम्हाला घरापर्यंत सोडलं.

त्यानंतरचे नऊ दिवस मी विसरलो नाही. ठरल्या वेळेला मयेकर गच्चीवर येत, पण हात पाठीमागे धरून. एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडलेलं. पाच मिनिटं उभे राहत आणि खाली जात. तिसऱ्या दिवसापासून त्यांची "पोच" बंद झाली. पाणी आलं असं खालून ओरडलं की बायका सवयीने थांबत, वर बघत, आणि पुन्हा एकदा ओरडत. वरून काही येत नसे. भागीरथीबाई आईला म्हणाल्या, ताट अर्धंअधिक परत येतंय.

मी विचार करत होतो. दोन्ही हात वर म्हणजे पोच, हे मला माहीत होतं. मग रोज समोरच्या रिकाम्या गच्चीला ते ही खूण का करतात? माझ्या बुद्धीला एकच उत्तर सुचलं. मुक्या माणसाला पाणी हवं असलं की तो पिण्याची खूण करतो. हे पोच मागत असणार. इतकी वर्षं मागताहेत आणि कोणी देत नाही. आपण चोवीस वाक्यं शिकलो आणि एवढं साधं आपल्याला कळलं नाही, याची मला लाज वाटली.

कर्फ्यू उठला त्या दिवशी मी बावटे केले. लाल कापड बाबांनी गिरणीतून आणलेल्या तुकड्यांतलं, पिवळं आईच्या जुन्या लुगड्याचं. बाबा म्हणाले, "कॉलेजात ह्येच शिकवत्यात काय रे?" पण काठ्या त्यांनीच तासून दिल्या.

संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर जाऊन उभा राहिलो. मयेकर आले. नऊ दिवसांनी त्यांच्या हातात बावटे होते. त्यांनी दोन्ही हात वर नेले. मी माझे दोन्ही हात वर नेले, कोपरात न वाकवता, शिकवल्याप्रमाणे.

त्यांचे हात तिथेच थांबले. मग हळूहळू खाली आले. दुसऱ्यांदा वर गेले नाहीत. ते वळले आणि खाली निघून गेले.

आपण काहीतरी मोठी चूक केली, एवढंच मला कळलं. मी धावत रस्ता ओलांडला, तीन जिने चढलो. मयेकर त्यांच्या ट्रंकेवर बसले होते. बावटे मांडीवर होते. मी म्हणालो, "काका, चुकलं माझं. तुम्हाला पोच हवी आहे असं वाटलं मला."

ते रागावले नव्हते. कधी नव्हे ते माझ्याशी गावच्या बोलीत बोलले. "मी मागत नाय होतंय रे. मी देत होतंय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको जानकी. तिची काकी आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. हे समुद्रावर असले की जानकी काकीकडे असे. तिला लिहितावाचता येत नव्हतं. पत्र आलं तर वाचायला कोणाला तरी गाठावं लागे आणि नवऱ्याचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला ती लाजे. म्हणून रजेवर आले की यांनी तिला बावटे शिकवले. हे इकडच्या गच्चीवर, ती तिकडच्या. चोवीस वाक्यं दोघांनी मिळून केली. बोट बंदरातून निघाली की ती धक्क्यावरच्या कठड्याशी उभी राहून निरोप द्यायची आणि हे वरून कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने हात वर करून पोच द्यायचे. घरचे निरोप द्यायला परवानगी नव्हती.

लढाईच्या दिवसांत एकदा बोट अशीच निघाली. जानकीने सतरा दिला. भात झाकून ठेवतंय. म्हणजे लवकर या. यांनी दुर्बिणीतून तो नीट वाचला. पण बाजूलाच कप्तान उभा होता, डोळ्यांना दुर्बीण लावून, त्याच दिशेला बघत.

"हात वर करायचे होते," मयेकर म्हणाले. "एवढंच होतं. नाही केले."

मी म्हणालो, "तिला कळलं असेल, काका."

"कसं कळेल? मीच शिकवलं होतं तिला. पोच येईपर्यंत पाठवत राहायचं." त्यांनी मांडीवरचे बावटे सरळ केले. "बोट वळेपर्यंत ती सतराच पाठवत होती."

सात महिन्यांनी बोट परत आली. त्याआधीच विषमज्वराने जानकी गेली होती.

बाहेर दिवे लागले होते. मी म्हणालो, उद्यापासून गच्चीवर येणार नाही. मयेकरांनी बावटे गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"तशी तू दिलीस ती पोच चुकीचीच होती," ते म्हणाले. आवाज पुन्हा लेफ्टनंटचा झाला होता. "पोचेला पोच नसते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या सतरा धाडशील?"

मी म्हणालो, "पोच."

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधीच आमच्या गच्चीवर गेलो. दोरीवरच्या गोधड्या काढून बाजूला ठेवल्या. मयेकर आले. त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती. आमच्या दोन चाळींमध्ये फक्त एक रस्ता, तरी त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग ती सोडून दिली आणि बावटे हातात घेतले.

मी डावा हात पोटाशी आडवा धरला. उजवा वरून आणायला लागलो. सतरा नीट तीन वेळा द्यायचा असं मी ठरवलं होतं. पण पहिल्याच वेळी, माझा उजवा हात डाव्यावर टेकायच्या आत, समोर दोन्ही हात वर गेले होते.